नंदाताईंची जीभ

गुलटेकडीत मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत बचत गटाचे उडदाचे पापड होतात. तिथे दहा बायका लाटतात आणि नंदाताई चाखतात. वाशीमहून सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या. नवरा सुखदेव यार्डात हमाली करायचा. तो गेल्यावर त्यांनी पोळपाटावरच मुलगा वाढवला, शिकवला, आणि त्याच्यासाठी आम्रपाली नावाची चुणचुणीत सून आणली. गटात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. पिठाचा प्रत्येक गोळा आधी त्यांच्यासमोर यायचा. कच्च्या पिठाचा सुपारीएवढा तुकडा जिभेवर घोळवून त्या सांगायच्या, "खार कमी आहे, घाला अजून." त्यांच्या होकाराशिवाय लाटणं हलत नसे. आणि बाईंना या मानाचा गर्व होता, तो का नसावा?

दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं अधू झाल्याचं कळलं. मग यंदा डॉक्टर श्रद्धांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितलं, "शरीरात आम्ल साचायला लागलंय. मूत्रपिंडांना ते पुरतं बाहेर टाकता येत नाही. फार नाही, थोडंच आहे. पण असंच राहिलं तर हाडं आणि स्नायू झिजतात. सोड्याच्या गोळ्या सुरू करू. त्यांनी डायलिसिस लांबेलच अशी हमी देत नाही, पण मदत होईल अशी आशा आहे."

डायलिसिस या शब्दाला नंदाताई भीत होत्या. शेजारच्या चाळीतला हिंमतराव आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे गोळ्या त्यांनी एकही न चुकवता घेतल्या.

तीन आठवड्यांनी पाय सुजले, चपला चढेनात. रक्तदाब एकशे सत्तर.

"गोळीतही सोडियम असतं. सूज अशीच राहिली तर गोळी बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "जेवणात मीठ किती?"

"नावाला," आम्रपाली म्हणाली. "लोणचं बंद, पापड बंद. स्वयंपाक मी करते ना."

"मग हे मीठ काय हवेतून येतंय?"

नंदाताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण मेल्यावर जाऊन तरी काय उपयोग? शेवटी त्या पुटपुटल्या, "मी चाखते. दिवसाला वीस गोळे. पण ते काय खाणं झालं का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्या पिठात मीठ, वर पापडखार. तोही एक प्रकारचा सोडाच, म्हणजे पुन्हा सोडियम. आणि या आजारात जिभेची चवही बोथट होते, ताई. तुम्हाला अळणी लागतं ते अळणी असेलच असं नाही. चाखणं थांबवा, गोळी चालू ठेवू. पंधरा दिवसांनी पुन्हा या."

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरताना नंदाताईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. चाखायचं नाही तर आपण इथे कशाला? सगळ्यांना गोळा करून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, आणि वर म्हणाल्या, "आता तुमचं कसं व्हायचं? खाराचा अंदाज कोण घेणार?"

मग शर्मिला, गटातली ताईंच्या खालोखाल जुनी, मान खाली घालून म्हणाली, "ताई, आम्ही वर्षभर मापानंच घालतो. गेल्या उन्हाळ्यात पेठेतल्या दुकानदारानं माल परत पाठवला होता, 'पापड पाठवलेत की मिठागर' म्हणून. तेव्हापासून तुम्ही अजून घाला म्हणालात की खाराचं पाणी पिठात न जाता मोरीत जातं."

"मग माझ्यापुढे पीठ कशाला आणत होता?"

"तुमचा मान होता तो. माझ्या हातात पहिलं लाटणं तुम्ही दिलंत. मी तोंड वर करून सांगू का, तुमची जीभ गेली म्हणून? म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

नंदाताईंना आधी राग आला. मग हिशोब लागला. "म्हणजे वर्षभर मी ते मीठ उगाच गिळलं गं, शर्मिला."

त्या मिठाचा ताईंना त्रास होईल हा विचार शर्मिलाच्या मनालाही शिवला नव्हता. ती ढसाढसा रडायला लागली, आणि तिला जवळ घेताना नंदाताईंनाही रडू आवरेना. चूक कोणाची म्हणायची? आदरापोटी एक गप्प राहिली, मानापोटी दुसरी गिळत राहिली.

डोळे पुसून नंदाताई म्हणाल्या, "ते माप भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही. आणि मला काही सांगायचं असलं तर तोंडावर सांगत जा."

मग त्यांनी एक पोळपाट ओढला. शर्मिला सरकली आणि तिच्या शेजारी जागा झाली. बऱ्याच वर्षांनी हातात लाटणं आलेलं. पहिला पापड वाकडातिकडा झाला.

"ताई, हा वाकडा आहे," शर्मिला नाक ओढत म्हणाली.

नंदाताईंनी तो मोडला, आणि पुन्हा लाटायला घेतला.