लाल चिठ्ठीवरचा नमस्कार

सत्तर सालच्या सुमारास भोसरीत माझी दोन लेथची छोटी शेड होती. आम्ही केलेले बुश, म्हणजे यंत्रात बसणारे धातूचे पोकळ तुकडे, पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात जायचे. तिथल्या तपासणीच्या खिडकीत एक मावळी गृहस्थ बसायचे. प्रत्येक बुश ते आधी स्वतःच्या रुमालानं पुसायचे, मगच माप तपासायच्या गेजवर लावायचे. माल देणाऱ्यांचा चहा मात्र कधी घेत नसत.

नापास माल लाल चिठ्ठी बांधून परत येई. बाकीच्या कारखान्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘रद्द’ असे. यांच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं पत्रच असायचं. ‘सप्रेम नमस्कार. आतलं भोक केसभर मोठं झालं आहे. हत्याराची धार पाहावी. आपला हात चांगला आहे. घरी सर्वांना नमस्कार.’

मी तापट माणूस. पण घरच्यांना नमस्कार धाडणाऱ्याशी भांडणार काय, कपाळ! मुकाट्यानं धार लावायला बसायचो. बायको संध्याकाळी दारातच विचारायची, “आज नमस्कार आला का?” आला म्हटलं की माल नापास झाल्याचं तिला कळायचं.

एकदा अख्खी पेटी पास झाली. हिरव्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी! मला चक्क चुकल्या-चुकल्यासारखं झालं. खिडकीशी जाऊन म्हटलं, “साहेब, आज पत्र नाही?”

ते पहिल्यांदाच खिडकीमागून बाहेर आले. “पास मालाला पत्र कशाला, राव? चला, आज च्या माझ्याकडनं.”

टपरीवर मी त्यांना बायकोचा रोजचा प्रश्न सांगितला. ते एवढे हसले की बशीतला चहा सांडला. निघताना माझा हात धरून म्हणाले, “वहिनीस्नी सांगा, आज नमस्कार न्हाई!”