एकदाच विचारलेलं नाव

पनवेलच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी शालिनी ठाकूर सिस्टर इंजेक्शन देण्याआधी चिरनेरच्या एका आजींना तिसऱ्यांदा नाव विचारत होत्या. आजी वैतागल्या, ‘‘दोनदा सांगलं ना बाय, तवर माजं नाव बदलनार हाय काय?’’ सिस्टर हसल्या नाहीत. आमच्याकडे अर्धं गाव एकाच आडनावाचं; वॉर्डात एकाच नावाच्या दोघी येणं नेहमीचंच. ‘सिस्टरांचा संशय, वॉर्डाची पुण्याई’ असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

त्या पुण्याईपायी त्या काय सोसत होत्या, ते आम्हाला कळत नव्हतं. धुऊन धुऊन त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. करंजाड्याच्या घराचं कुलूप ओढून पाहायला त्या अर्ध्या वाटेतून परत जात. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला अशाच उशिरा पोहोचल्या, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यापुढे रडल्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाल्या, ‘‘अगं, ही शंका गेली आणि माझ्या हातून एखादा पेशंट गेला तर?’’ तरीही त्या उपचारांना गेल्या. त्यांच्या या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक आहे.

उपचारांना काही महिने झाले होते. त्या दिवशी वॉर्डात दोन कमळाबाई म्हात्रे होत्या. मी रक्ताची पिशवी घेऊन एका खाटेशी उभी राहिले. तपासायला सिस्टर आल्या. त्यांनी एकदाच पूर्ण नाव विचारलं.

‘‘कमळाबाई पांडुरंग म्हात्रे. आपट्याची हाय मी.’’

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. पिशवीवर नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र होतं. मी चुकीच्या खाटेशी आले होते. सिस्टरांनी ती चूक माझ्याकडून लेखी घेतली आणि मग स्वतः चहा आणून शेजारी बसल्या.

त्यांच्या साठीच्या सत्कारानिमित्त लिहायच्या या लेखासाठी विचारलं, तेव्हा त्यांनी बजावलं, ‘‘माझ्या आजाराचे गोडवे गाऊ नकोस. त्यानं लेकीचा साखरपुडा नेला.’’ म्हणून लिहिते: माणसं वाचवली ती त्यांच्या काळजीनं. आजार त्या काळजीच्या मानेवर बसला होता, इतकंच.

सिस्टर, साठीनंतरचं तुमचं आयुष्य दीर्घ, निरोगी आणि निवांत असो. सत्काराला निघताना कुलूप एकदाच लावा. आणि वाटेतून परत फिरावंच लागलं, तर खुशाल फिरा. तुम्ही आल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही.