टप लावून दाखवा

ती लाल गाडी आमच्या पोलीस ठाण्याच्या अंगणात उभी होती, तो दिवस मी काही विसरलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातवंडं अजून हीच केस सांगायला लावतात.

करडी गावाकडचे एक म्हातारे मिस्त्री. ट्रॅक्टर नि धानाच्या गिरण्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. अपघातात चेपलेली, टप उघडणारी दोन माणसांची स्पोर्ट्स कार त्यांनी नागपुरातून आणली, स्वतःच्या हातांनी उभी केली आणि पोटच्या पोरासारखी जपली. काचबिंदूने नजर अधू झाली, तेव्हा ती विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, "एक चक्कर मारून येतो" म्हणालं, ते गेलंच.

"बाबाजी, कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

"गाडीतच होते मॅडम. टीटी फॉर्मवर सही पण करून ठेवली होती. घेणाऱ्याले दुसरा चक्कर पडू नये म्हणून."

मी कपाळाला हात लावला. मालकी बदलायच्या फॉर्मवर आधीच सही! ठाणे अंमलदार म्हणाले, "म्हणजे चोराले तुम्ही पावतीच फाडून देली."

तिसऱ्या दिवशी लाखनीच्या एका ताडपत्रीवाल्याचा फोन आला. माझा जुना खबऱ्या. "मॅडम, एक जण टप कापलेल्या गाडीवर ताडपत्री बांधून राहिला. पाण्याचे दिवस अन् गाडीले छप्परच नाही! येडा हाये का चोर हाये, तुम्हीच पाहा."

गाडी आणि माणूस, दोन्ही ठाण्यात आणले. इस्त्रीचा शर्ट, घामाचा थेंब नाही. त्याने सही केलेले फॉर्म टेबलावर ठेवले. "महिन्याआधी विकत घेतली. म्हाताऱ्याचं मन फिरलं असेल."

आमचे निरीक्षक म्हणाले, "सही खरी आहे. हे दिवाणीत जाईल. सोडा याला." कागदाच्या हिशेबाने ते चुकीचे नव्हते. मिस्त्रींनी ते ऐकलं. अंगणात गेले आणि भिजलेल्या सीटा आपल्या दुपट्ट्याने पुसू लागले. गाडी हातची जात होती आणि हा माणूस तिचं पाणी टिपत होता! मी मागोमाग गेले.

"बाबाजी, पाण्यापावसात याने ही उघडी का ठेवली?"

"ठेवली नाही मॅडम, त्याले टप लावताच नाही आला. डिक्कीत एक पडदा हाये. सामानानं तो वर उचलला का टप हालत नाही. चक्कर माराले निघाला तेव्हा टप उघडाच होता; मी सांगत होतो, पण यानं आपली मोठी बॅग कोंबलीच."

मी निरीक्षकांकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि त्या माणसाला अगदी गोड आवाजात विचारलं, "महिनाभर चालवली ना?"

"रोज."

"पाण्यातही?"

"पाण्यातही."

"मग टप लावून दाखवा."

त्याने बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. "बॅटरी उतरली असेल," तो म्हणाला. अख्खं ठाणं अंगणात जमलेलं. आमचा हवालदार म्हणतो, "दाबा भाऊ, रोजची सवय आहे, लाजू नका!"

मग मिस्त्री पुढे झाले. बॅग काढली, हातानेच चाचपून पडदा खाली ओढला, बटण दाबलं. तळ्यातल्या बगळ्याने पंख पसरावे तसा टप वर आला आणि आवाज न करता बसला. पहिली टाळी निरीक्षकांनी वाजवली. तो माणूस पायरीवर बसला, पाणी मागितलं आणि ही चोरी कबूल करून चोरलेल्या आणखी दोन गाड्यांचंही सांगून मोकळा झाला. पुढे कोर्टाच्या आदेशाने गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मिस्त्रींना मिळाली.

कागदाला मान द्यावाच लागतो, मीही जन्मभर दिला. पण त्यानंतर मालकीचा वाद आला की, मग पंप असो, मासेमारीचा डोंगा असो की म्हैस, मी दोघांनाही आधी एकच विचारायची: हिची खोड सांगा. चोराला गुण पाठ असतात. खोडी मात्र सांभाळणाऱ्यालाच ठाऊक.

खटला संपल्यावर ती गाडी शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. मी मुद्दाम गेले होते. मिस्त्री तासभर नुसत्या खोडी सांगत होते, दुसरा गिअर, डावं दार, थंडीतला खोकला. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "अजून काही?"

म्हातारा हसला. "आता नाही, बाई. आता गाडी तुमची झाली."