कूलर बसवला, तरी दत्ताभाऊंचा गिअरबॉक्स तापला

थांबा, हातातलं ठेवा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. काल सकाळी दत्ताभाऊंचा फोन आला.

"पोरी, तुझा कूलर बसवला आन् गाडी परत तापली. गेस्ट रस्त्यावर हुबे हायेत!"

मी वडगावला हायवेलगत ऑटोमॅटिक गाड्यांच्या गॅरेजमध्ये टेक्निशियन आहे. गिअरबॉक्स ही माझी स्पेशालिटी. असं मीच म्हणते, बाकी कुणी अजून म्हटलेलं नाही. दत्ताभाऊ परंदवडीचे. आयुष्यभर जीप चालवली, आता ऑटोमॅटिक SUV मधून लोणावळ्यातल्या एका बंगल्याचे गेस्ट फिरवतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना ऑइल कूलर बसवून दिला. म्हणजे छोटा रेडिएटर, त्यातून गिअरबॉक्सचं ऑइल फिरतं आणि समोरच्या वाऱ्याने गार होतं. वर मीच ऐटीत म्हणाले, "आता तापली तर नाव बदलीन."

काल फोन ठेवला तसे आमचे मालक इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "मग नवीन नाव काय ठेवतेस?"

"जाऊन बघते ना मी!"

"बघच. बंगलेवाल्याने त्याला सांगितलंय, अजून एकदा गेस्ट अडकले की दुसरा ड्रायव्हर."

दुपारी स्कॅनर लावून भाऊंच्या शेजारी बसले. स्कॅनरवर ऑइलचं तापमान दिसतं. घाट चढलो. आकडा नव्वदच्या आसपास, एकदम शहाणा. आणि भाऊ चालवतात काय सुंदर! चूकच सापडेना. मला तर रडू यायची वेळ.

"गेस्टना घेऊन जाता तिथेच न्या," म्हटलं.

एका पॉइंटच्या चढावर भाऊंनी गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. खाली उतरून एक दगड मागच्या चाकाला, एक पुढच्या चाकाला. AC चालू, कारण गेस्ट परत आले की त्यांना गार लागतं. मी आतच. स्कॅनर म्हणतो शंभर. मग एकशे दहा. गाडी उभी, आणि आकडा पळतोय! खाली बघितलं, लिव्हर D वर, म्हणजे गाडी पुढे चालवायच्या गिअरवर.

"भाऊ!! D मध्ये का ठेवलीये?"

"मंग? चढावर गाडी गिअरमधी ठेवायची आन् दगड लावायचा. कालेजात शिकवलं न्हाई व्हय?"

"P मध्ये ठेवायची!"

"P कुटं गिअर हाय? P म्हंजी पार्किंग. ते मॉलमधी."

मी लिव्हर P वर टाकला आणि कपाळाला हात लावला. जीपमध्ये भाऊ बरोबर होते. इंजिन बंद करून गिअर टाकला की चाकं धरली जातात. इथे इंजिन चालू. ऑटोमॅटिकमध्ये तेलात दोन पंखे समोरासमोर असतात. एकाला इंजिन फिरवतं, तो तेल ढकलून दुसऱ्याला फिरवतो. दुसऱ्याला हँडब्रेक आणि दोन दगडांनी धरून ठेवलंय. मग पहिला पंखा अर्धा अर्धा तास नुसतं तेल घुसळत बसतो. उभ्या गाडीत माझ्या लाडक्या कूलरला वारा कुठला?

"D मध्ये असताना दार उघडलं की टूं टूं वाजत नाही?"

"लय वाजतं. म्हनून तर उतरलो की दार लगेच लावतो."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं व्हतं की! तू कागद भरताना इचारलं, चढावर गाडी नीट लावता ना? मी म्हनलं, व्हय, गिअरमधीच लावतो. तू टिक मारली."

मारली होती. निळ्या पेनने.

मग P म्हणजे काय ते सांगितलं. आत लोखंडी खटका असतो, तो दात्यात अडकतो, गाडी हलत नाही.

"आरं, मंग खटका म्हन की! P, P काय लावलंय!"

परत आणून करपलेलं ऑइल बदललं. आज सकाळपासून भाऊंनी दोन फेऱ्या मारल्या, गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला नाही, बंगल्याचं काम शाबूत. इक्बालभाईंनी फॉर्मवर माझा प्रश्न खोडून लिहिलंय, "लिव्हर कुठे ठेवता ते हाताने दाखवा."

धडा एवढाच की गिअरबॉक्स वाचवायला आधी कूलर नाही, कान लागतात. तुमच्याही कामात असं झालंय का हो, की दोघंही बरोबर बोलत होते आणि मशीन मात्र जळत होती?