केतकीचं थिजलेलं पीठ

लाइट कधी गेली ते मला कळलंच नाही. उन्हाचा नुसता जाळ होता, पडदे ओढून आम्ही मायलेकी मागच्या खोलीत फरशीवर पडून होतो, आणि भर दुपारी लाइट लावतंय कोण... ओवी उठून किचनमध्ये गेली नि परत आली तेव्हा तिच्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले, चॉकलेटी. मला वाटलं रक्त. मी तिला उचललं, तळवे बघितले, पुसले, मग नाकाशी नेले तर चहाचा वास. आमच्या घरात तसलं पाणी एकाच ठिकाणी होतं, फ्रीजरमध्ये, केतकीच्या डब्यात. धावत गेले तर फ्रीजरखाली तळं. आतला मटार मऊ पडलेला, आणि डब्याला एका कोपऱ्यात तडा जाऊन त्यातून थेंब थेंब गळत होतं.

ह्यांना फोन लावला, लागला नाही, शिफ्टला असले की फोन लॉकरमध्ये असतो. शेजारच्या पंजाबी मुलांच्या दाराशी गेले तर त्यातला एकजण झोपेतच म्हणाला, भाभी, पूरी स्ट्रीट की गई है. बर्फ आणायला पेट्रोल पंपावर जायचं तर त्या उन्हात लेकरू घेऊन चालत जायचं, नि मी वेरिबीत, मेलबर्नच्या ह्या टोकाला, एकटी कुठं गेलेच नव्हते कधी, जायचे ती केतकीबरोबर. डबा छातीशी धरून मी किचनमध्ये उभी, माझा गाऊन भिजत चाललेला, ओवी पाय ओढतेय, आणि त्या डब्यात ओवीचं जावळ होतं नि केतकी होती. म्हणजे केतकीचं जे काय माझ्याकडं उरलं होतं, ते.

ह्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते केतकी मला रविवारी कॉम्प्युटरवर वाचून दाखवायची. मी नववीत शाळा सोडली, मला असलं लिहायची सवय नाही. बोलते तसं लिहिलंय.

मी विट्याजवळच्या गावची. हे इथं स्टुडंट म्हणून आले, स्वयंपाकाच्या कोर्सला, तेव्हा तिकडून शिकायला येणाऱ्या पोरांची नुसती लाट आली होती, प्रत्येक घरात गाद्याच गाद्या. आमच्याही घरात होत्या. ओवी झाल्यावर ह्यांनी त्या पोरांना दुसरीकडं पाठवलं आणि पुढची खोली केतकीला दिली. ती नाशिकची, युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, पीएचडी करणारी. पहिल्या दिवशी मी विचारलं, ताई तुम्ही काय करता, तर म्हणाली, "ताई नको, तू म्हण. मी पीटवर काम करते."

मला ऐकू आलं पीठ. मी विचारलं, कसलं, गव्हाचं?

ती एवढी हसली की तिला पंप घ्यावा लागला. दम्याचा पंप असायचाच तिच्या खिशात. मला काय माहीत, पीट म्हणून काही असतं. मी तर मनात म्हणत होते, बरं झालं, हिच्या ओळखीनं ज्वारीचं पीठ मिळेल. मग ते घरात रूढच झालं. ती आली की हे म्हणायचे, आली गिरणीवाली. आणि ती म्हणायची, आज दळण बारीक झालंय, भाऊजी.

तिचं पीट असं होतं. जगाच्या वरच्या टोकाला, जिथं फार थंडी, तिथं पाणथळ जमिनीत शेवाळ उगवतं, मरतं, पण कुजत नाही, कारण खाली पाणी आणि गारठा. त्याच्यावर पुढच्या वर्षीचं, त्याच्यावर त्याच्या पुढचं. हजारो वर्षं. वर्षाला नखाएवढंसुद्धा वाढत नाही. आणि मग खालून ते गोठतं, बर्फ फुगतो आणि अख्खी जमीन टेकाडासारखी वर उचलली जाते. त्याची लांब नळी कापून युनीत आणलेली, ती ही थंडगार खोलीत बसून थराथरानं बघायची. बाहेर उन्हाळा असला तरी हिच्या बॅगेत स्वेटर. मी म्हटलं, म्हणजे लोणच्यासारखं मुरतं. ती म्हणाली, मुरत नाही गं, नुसतं थांबतं, मराठीत काय म्हणायचं तेच मला सुचत नाही. तेव्हा बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली माझ्या हातात होती, थंडीनं पांढरी दगड झालेली. मी म्हटलं, थिजतं.

केतकीनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, "घाबरल्यावर पण आपण थिजतोच ना?"

ते तिला का सुचलं ते मला कळलं होतं. मला घाबरायला कारण लागत नाही. दाराची बेल वाजली की मी थिजायचे, फोनवर कोणी इंग्लिश बोललं की थिजायचे, ट्रेनमध्ये मशीन तिकीट घेईना तर मी तिथंच थिजून उभी, मागं माणसं. तिनं मला त्यावरून कधी बोल लावला नाही. नुसती बाजूला येऊन उभी राहायची.

तो डबा तिनंच सुरू केला. दोन लिटर आइस्क्रीमचा रिकामा, पांढरट, उजेडाला धरला की आतलं दिसणारा. रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, आम्ही मागच्या पायरीवर चहा प्यायचो, आणि त्या आठवड्याचा चहाचा चोथा ती पाण्यासकट डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायची. पुढच्या रविवारी त्याच्यावर दुसरा थर. म्हणायची, हे आपलं पीठ. थरात काही ना काही घालायची, कढीपत्त्याचं पान, निलगिरीची सुकी पात, दिवाळीत अर्धी जळलेली वात. ती फील्डला, नळ्या कापायला गेली होती तेव्हाचा थर काचेसारखा, मी नुसतं पाणी ओतलेला, कारण मी एकटी चहा करतच नव्हते. ह्यांच्याशी माझं भांडण झालं त्या आठवड्याचा सगळ्यात जाड. केतकी बोट लावून दाखवायची, बघ, इथं फार दुष्काळ होता म्हणून चहा फार झालाय.

आणि सगळ्यात खाली जावळ. ओवीचं जावळ काढायचं तर मामाची मांडी लागते, केस झेलायला आत्या लागते, इथं दोघंही नाहीत. सासूबाई फोन कार्डावरून रोज विचारायच्या. शेवटी केतकी म्हणाली, ओवीची मावशी तर मी आहेच, मामा पण मीच नि आत्या पण मीच. मांडीवर ओवीला घेतलं, ओढणी पसरली, आणि ह्यांच्या ट्रिमरनं काढले. केस वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. इथल्या नदीत काही सोडलं नि कोणी पकडलं तर, ह्या भीतीनं मी ती पुडी घेऊन कितीतरी दिवस बसले. मग ती म्हणाली, एक डबा करू, त्याच्या तळाला ठेवू, आहे तसं राहील, गावी जाशील तेव्हा कृष्णेत सोड. मी म्हटलं, आणि विमानात? म्हणाली, एअर होस्टेसला सांगू, मॅडम, जरा फ्रीजरमध्ये ठेवता का, आमचं पीठ आहे.

एकदा मी विचारलं होतं, ते तुझं वितळलं तर काय होतं गं? म्हणाली, टेकाड खचतं, खड्डा पडतो, इतकी वर्षं आत धरून ठेवलेलं बरंचसं हवेत जातं. वाईटच आहे ते. मग म्हणाली, पण माझ्या नळीत असं दिसतंय की खड्ड्यात पाणी साचलं, आणि पाण्यात परत शेवाळ आलं. पहिल्यापेक्षा भराभर. कुठं कुठं ते परत गोठलं पण. मी म्हटलं, मग बरं की. ती म्हणाली, "बरं आहे, पण शेकडो वर्षं लागली गं त्याला. तेवढा वेळ कोणाकडे असतो..."

वसंतात इथं गवताला फुलोरा येतो, त्याच्या परागांनी तिचा दमा उठायचा, म्हणून तेव्हा ती खिडकी उघडायची नाही. एक दिवस दुपारी एकाएकी वारं सुटलं, वीज, धूळ, चार थेंब पाऊस. असल्या वादळात ते पराग फुटून छातीत जातात, हे मला मागाहून कळलं. ती स्टेशनवरून चालत आली ती दारातच बसली. पंप घेत होती, पण उपयोग होत नव्हता. मी ट्रिपल झिरो लावला, इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर. पत्ता सांगितला, नीट सांगितला, स्पेलिंगसकट, कारण तो तिनंच माझ्याकडून पाठ करून घेतला होता, ओवीसाठी म्हणून. मी बोलत असताना ती माझ्याकडं बघत होती आणि तिनं अंगठा वर केला. ॲम्ब्युलन्स लगेच आली. हे कामावरून थेट हॉस्पिटलमध्ये गेले... संध्याकाळी ह्यांचा फोन आला.

तिचा भाऊ आला, सगळं घेऊन गेला, पुस्तकं, स्वेटर, दाराजवळचे बूटसुद्धा. नंतर तिच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, बाळा, तिचं काही राहिलंय का गं तिकडं? मी म्हटलं, नाही काकू. आईला कसं सांगायचं, चहाचा चोथा राहिलाय. तेव्हापासून मी त्यात एक थरही घातला नाही, नुसती फ्रीजर उघडून बघायचे.

तर त्या दिवशी डबा धरून मी उभी, आणि मला तिचं एक बोलणं आठवलं, वरचं सुकं शेवाळ म्हणजे त्या बर्फाची गोधडी, भर उन्हाळ्यात आतली थंडी जाऊ देत नाही. माझ्याकडं आईनं शिवलेली गोधडी होती. डबा पिशवीत बांधला, गोधडीत गुंडाळला, कपाटात सगळ्यात खाली अंधारात ठेवला आणि त्याला टेकून बसले, ओवीला मांडीवर घेऊन. उन्हं उतरल्यावर फ्रीज घुरघुरायला लागला तेव्हा सोडून बघितलं. वरचं सगळं पाणी झालं होतं. आमचे शेवटचे रविवार. निलगिरीची पात तरंगत होती. खालचं मात्र घट्ट, हाताला चटका बसेल एवढं गार.

मी तो डबा तसाच दुसऱ्या मोठ्या डब्यात ठेवला नि परत फ्रीजरमध्ये लोटला. वरचे थर आता ओळखू येत नाहीत, एकच करडा गोळा झालाय. त्याच्यावर परवा रविवारी मी एकटीनं केलेल्या चहाचा चोथा घातला, पातळसा.

पण आता तिकिटं काढलीयत, आम्ही गावी चाललोय, नि तिथून आल्यावर हे घरही सुटणार. सासूबाई म्हणतात, पोरीचं जावळ असं कोंडून ठेवू नये, तिच्यावर येतं. मी हसत नाही त्यावर, मला भीती वाटते, माझी एकुलती एक लेक आहे. जावळ तळाला आहे. ते काढायचं तर सगळं वितळवावं लागतं, भांडणाचा थर, दिवाळीचा थर, काचेसारखा थर, सगळं त्या पायरीवर ओतून मोकळं व्हावं लागतं. मग केतकीचं काहीच नाही. रोज सकाळी फ्रीजर उघडते, डब्यावर हात ठेवते, हात बधिर होईपर्यंत, आणि परत लावते. ओवी मागून विचारते, "इज मावशी कोल्ड?"

तुम्ही असता तर काय केलं असतं?