हेपसी आँटीने तोडलेला ओंडका

हेपसी आँटीला भांडखोर म्हणणारे आमच्या कोना किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. म्हणोत बापडे! त्यांतल्या निम्म्यांना होडीचं पुढचं टोक कुठलं तेही सांगता यायचं नाही. बाई सहासष्ट वर्षांची, दिवसभर कॉफी वेचते आणि चर्चमध्ये पाद्रीबाबा चुकले तर बसल्या जागेवरून त्यांना सुनावते. पण तिचं खरं काम वेगळंच. ती एलेपायोवर नजर ठेवते.

एलेपायो म्हणजे चिमणीएवढा जीव. तांबूस छाती, पंखांवर पांढरे ठिपके, शेपटी कायम वर, जणू सगळं रान त्याच्या बापाचं. होडीसाठी कोआचं झाड पाडलं की तो येतो आणि ओंडक्यावरून तुरुतुरु पळतो. न थांबता पळाला तर लाकूड चांगलं. थांबून टोचायला लागला तर आत किडे, आणि त्या लाकडाला मग कुणी हात लावायचा नाही. आँटीचे वडील होड्या कोरायचे. पक्ष्याकडे कसं बघायचं ते त्यांनीच तिला शिकवलं.

आमच्या वल्ह्यांच्या क्लबने तीन वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे एक कोआ पाडायची परवानगी मिळाली. होडी मुलींच्या संघासाठी होती, सामुद्रधुनी ओलांडायच्या शर्यतीला. त्या सहा जणींत माझी लेक लेहिवाही होती. कोरणारा मुख्य कारागीर सॉलोमन, म्हणजे आँटीचा थोरला भाऊ. त्याने झाड पाडलं, शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि बहिणीला मात्र कळवलंही नाही. पण बोलावलं नाही म्हणून गप्प घरी बसेल ती हेपसी कसली! माझ्याच ट्रकमधून आली.

डुक्कर शिजत होतं, पोईची, म्हणजे अळकुड्यांच्या लगद्याची, घमेली भरलेली होती, पोरं गिटार वाजवत होती. आँटी बादली उलटी करून ओंडक्यासमोर बसली. सकाळी नऊच्या सुमारास पक्षी आला, शेंड्याकडून पळत निघाला आणि बरोबर मध्यावर थांबला. टोचलं. पुन्हा टोचलं. मी सात वेळा मोजलं.

"झालं," आँटी उठली. "सॉल, हा ओंडका राहू दे."

"अगं, भूक लागली असेल त्याला."

"मग काय खातोय तो तिथे, तुझं डोकं? किडे असल्याशिवाय टोचेल का?"

बाप्ये खो खो हसले. सॉलोमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला! दोन्ही टोकांना भोक पाडून पाहिलंय मी. लाकूड स्वच्छ आहे. तीन वर्षं थांबलोय आम्ही, हेप. आता तुझ्या पाखरासाठी थांबायचं नाही."

आता जी गोष्ट कोनात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही, ती मीच सांगते. चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका ओंडक्यावर पक्षी टोचला होता, आणि ते एकट्या हेपसीने पाहिलं होतं. ती सांगायला गेली तर सॉलोमनने तिचं तोंड दाबलं. वडिलांचे पाहुणे आले होते ना, शोभा झाली असती! तीच होडी पुढच्या उन्हाळ्यात भर समुद्रात उभी चिरली. त्यांचा धाकटा भाऊ योआने तिच्यात होता. तो सापडलाच नाही.

"एकदा गप्प बसले," आँटी म्हणाली. तिने सरपणाच्या ढिगातली कुऱ्हाड उचलली आणि ओंडक्याच्या मध्यावर घातली.

सॉलोमन ओरडत राहिला, पण त्या कुऱ्हाडीजवळ जायची कुणाची छाती होती? ढलप्या उडत होत्या. कोपरभर खोल खाच पडली तेव्हा ती थांबली. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. आत लालसर, चकचकीत लाकूड. एक भोक नाही, चिमूटभर भुसा नाही.

लेहिवा रडायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही आँटीचा भयंकर राग आला.

"दाखव की किडा!" सॉलोमनने एक ढलपी तिच्यापुढे धरली. "दाखव!"

आँटीने खाचेत हात घालून सगळीकडे चाचपलं. "नाही किडा. लाकूड चांगलं होतं. माझी चूक."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पुन्हा टोचला तर पुन्हा तोडीन. पोरी घरी जेवायला परत येणार असतील तर मी हजार शिव्या खाईन."

आणि लोकांनी तिला हजार शिव्या दिल्या. क्लबमधून नाव काढलं. दुकानात बायका पाठ फिरवायच्या. मी स्वतः तीन आठवडे तिच्याशी बोलले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पोरी जुन्या फायबरच्या होडीतून गेल्या, शेवटच्या आल्या. किनाऱ्यावर सगळ्यांत मोठ्याने आँटीच ओरडत होती, आणि तिच्याशेजारी कुणी उभं नव्हतं. तिने मान खाली घातली नाही ती नाहीच.

पुढच्या वर्षी क्लबला दुसरं झाड मिळालं. आम्ही दोघी तिच्या अंगणात कॉफी निवडत होतो, तेवढ्यात सॉलोमनचा ट्रक दारात आला. तो खाली उतरला नाही.

"चल," खिडकीतूनच म्हणाला. "झाड अजून उभंच आहे. पाडलं की कोरायच्या आधी पक्षी काय करतो ते बघू."

"मी कशाला? मी तर चुकले होते."

"चुकलीस. पण सगळ्या गावाला अंगावर घेऊन बोलणारं दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

"आधी माफी माग."

"मी? अगं, लाकूड चांगलं निघालं होतं!"

"त्या लाकडाबद्दल नाही, सॉल."

त्याने इंजिन बंद केलं. उतरला. टोपी काढली. बहात्तर वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा पायांकडे बघत उभा राहिला.

"तोंड मी दाबलं होतं," तो म्हणाला. "योआनेला..."

आँटीने पुढ्यातली कॉफी आधी निवडून संपवली. मग झग्याला हात पुसले, ट्रकमध्ये जाऊन बसली आणि दार धाडकन लावून घेतलं.

"माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "बस आत. गाडी चालव."