साडेसात मिनिटांचं औषध

जगातल्या कुठल्याही दुःखाला साडेसात मिनिटं पुरतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचे वरचे काका. साडेसात मिनिटं म्हणजे जुन्या संगीत नाटकातलं एक पद, खचलेल्या माणसाला उठून चालायला लावणारं. नाटकात ते नायक म्हणायचा. पण काकांचा जीव जडला तो एका नामवंत गायिकेनं पुढे मैफलीत ते गायलं, त्या रेकॉर्डिंगवर. "नट लोकांसाठी गायचा, बाई स्वतःसाठी गायल्यात," असं म्हणून काका डोळे मिटायचे, आणि गाणं संपलं की समोर कुणी नसतानाही "वन्समोअर!" म्हणून ओरडायचे. मग झाली पंधरा मिनिटं.

कुणाचं काही बिनसलं की काका छोटा स्पीकर घेऊन हजर. माझी नोकरी गेली त्या संध्याकाळी मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. समोरच्या गुजराती बेनचा मुलगा सीएला नापास झाला, तिथेही तेच. बेन म्हणाल्या, "अंकल, समझ में कुछ नहीं आया, पण रडू आलं हां!" एकदा उत्तनला सुके बोंबील आणायला जाताना रिक्षावाला गप्प गप्प दिसला, तर त्यालाही ऐकवलं. त्याच्या तोंडात मावा होता, एवढंच. घरात मात्र गाणं सुरू झालं की आतून काकू ओरडायच्या, "अहो, बंद करा ते!" चाळीस वर्षांत काकांनी एकदाही ऐकलं असेल तर शपथ.

गेल्या वर्षी काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून वर सगळं चिडीचूप. तीन आठवड्यांनी मलाच करमेना. फोनवर तेच गाणं शोधलं आणि वर गेलो.

"नको रे," काका म्हणाले. "हिच्या गळ्याचं हे असं, आणि मी दुसऱ्या बाईचा गळा ऐकत बसू?"

मी तरीही गाणं लावलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि आतून खरवडल्यासारखा, फाटका आवाज आला.

"अहो... बंद करा ते."

जन्मात पहिल्यांदा काकांनी ते गाणं मध्येच बंद केलं. डोळे पुसत आतल्या दाराशी गेले, चौकटीला धरून उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "वन्समोअर."